चांगला शब्द: स्तुती, खुशामत आणि आशीर्वाद



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ तारखेला आपण आपल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. याच दिवसांत एक प्रश्न घरोघरी पुन्हा निघतो: अंत्यविधीच्या मिस्सात मृताविषयी भाषणे का होत नाहीत?

प्रश्न साहजिक आहे. भोर आणि वेल्हे तालुक्यांतील गावांत दशक्रियेला नदीकाठी माणसे जमतात. सरपंच, पुढारी, सोसायटीचे चेअरमन, पाहुणेरावळे एकामागून एक उठतात आणि दोन शब्द बोलून श्रद्धांजली वाहतात. चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली' असा फ्लेक्स लागतो. शेजाऱ्यांकडे एवढे होते, आणि आमच्या वडिलांनी एवढी वर्षे कष्ट केले तरी फादर प्रवचनात त्यांच्याविषयी फारसे बोलत नाहीत, ही सल काही कुटुंबांच्या मनात राहते. ही सल आम्ही क्षुल्लक मानत नाही. ज्याच्यावर प्रेम केले त्याच्याविषयी चार चांगले शब्द ऐकावेसे वाटणे ही माणसाच्या मनाची भूक आहे. म्हणूनच आज या 'चांगल्या शब्दा'विषयीच आपण थोडे चिंतन करू या.

एक शब्द, अनेक अर्थ

नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. त्या भाषेत 'युलोगिया' असा एक शब्द आहे. 'यु' म्हणजे चांगले आणि 'लोगोस' म्हणजे शब्द, बोलणे. चांगले बोलणे ती युलोगिया. मृताच्या गौरवासाठी केलेल्या भाषणाला इंग्रजीत 'युलॉजी' म्हणतात, तो शब्द यातूनच आला. पण नवा करार उघडून पाहिला, तर तिथे या शब्दाचा अर्थ केवळ भाषणापुरता राहत नाही.

पहिला अर्थ आशीर्वाद आणि धन्यवाद. संत लूकच्या पहिल्या अध्यायात अलिशिबा पवित्र मरियेला स्त्रियांमध्ये धन्य म्हणते, तेव्हा हाच शब्द येतो. त्याच अध्यायात अनेक महिने मुका झालेल्या जखऱ्याची जीभ मोकळी होते आणि त्याच्या तोंडून पहिल्यांदा देवाची स्तुती बाहेर पडते; तिथेही हाच शब्द. देव माणसाला देतो तो आशीर्वाद आणि माणूस देवाला अर्पण करतो ती स्तुती, या दोहोंसाठी बायबलमध्ये एकच शब्द आहे.

दुसरा अर्थ ऐकून आपण चपापतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात (१६:१८) संत पौल काही लोकांपासून सावध राहायला सांगतो. ते गोड गोड बोलून भोळ्या माणसांची मने फसवतात, असे तो म्हणतो. त्या गोड बोलण्यासाठी त्याने वापरलेला शब्द युलोगिया हाच आहे! म्हणजे आशीर्वादाचा आणि खुशामतीचा शब्द एकच. वरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक बोलणाऱ्याच्या हेतूत असतो.

तिसरा अर्थ दान. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (९:५) यरुशलेममधील गरीब भाविकांसाठी वर्गणी गोळा करण्याविषयी पौल लिहितो, आणि त्या वर्गणीलाच तो युलोगिया म्हणतो. चांगला शब्द ओठांवरून हातात उतरला की त्याचे दान होते.

चौथा अर्थ तर आपण दर रविवारी वेदीवर पाहतो. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:१६) ज्या प्याल्याद्वारे आपण ख्रिस्ताच्या रक्ताचे भागीदार होतो, त्याला पौल आशीर्वादाचा प्याला म्हणतो. तिथेही तोच शब्द. याचा अर्थ असा की मिस्सा हीच ख्रिस्ती माणसाची सर्वांत मोठी युलोगिया आहे.

आपल्या मराठीतील शब्द

आपल्या भाषेनेही हे सारे ओळखले आहे. 'गौरव' हा शब्द 'गुरू' यापासून आला, आणि गुरू म्हणजे जड, वजनदार. हिब्रू भाषेत देवाच्या गौरवाला 'काबोद' म्हणतात. त्याही शब्दाच्या मुळाशी वजन हीच कल्पना आहे. ज्याच्या जगण्याला वजन आहे त्याचाच गौरव होऊ शकतो. भाषणाने माणसाला वजन येत नाही. असलेले वजन फक्त दाखवता येते.

'शाबास' हा फारसीतून आलेला शब्द आपण मुलांना सहज म्हणतो. तो मुळात 'शाद बाश', म्हणजे 'आनंदी राहा'. पाहा, ही स्तुती नसून आशीर्वाद आहे! 'कौतुक' या शब्दाचा जुना अर्थ कुतूहल, नवल. समोरच्या माणसाकडे पाहून मनात नवल उभे राहिल्याशिवाय खरे कौतुक होत नाही. आणि खोट्या स्तुतीसाठी मराठीने किती नेमके बोल शोधले आहेत: तोंडपुजेपणा, हांजी हांजी, हरभऱ्याच्या झाडावर चढवणे. हरभऱ्याचे रोप ते केवढे! त्यावर चढलेला माणूस पडणारच. चढवणारा मात्र खालीच उभा असतो.

आपण राहतो तो मुलूख तर पोवाड्यांचा. बाजीप्रभू देशपांडे हिरडस मावळातले, कान्होजी जेधे कारीचे, येसाजी कंक भुतोंड्याचे. ही सारी गावे-खोरी भोर तालुक्यातली. बाजी पासलकर मोसे खोऱ्यातले. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली, तोही एक गौरवच. अफजलखान वधाचा अज्ञानदासाचा आणि सिंहगडचा तुळशीदासाचा, हे शिवकाळातील दोन पोवाडे आजही प्रसिद्ध आहेत. पोवाड्याचे वैशिष्ट्य काय? शाहीर वीराला नुसता 'थोर, थोर' म्हणत नाही. तो प्रसंग सांगतो: कोण आले, कुठून चढले, कोण पडले. विशेषणांपेक्षा कृती बोलतात.

विखुरलेले पोवाडे गोळा करून शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी ॲक्वर्थ यांनी १८९१ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. हे ॲक्वर्थसाहेब मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. रस्त्यावर पडलेल्या बेघर कुष्ठरोग्यांसाठी १८९० मध्ये त्यांच्या पुढाकाराने आश्रयस्थान उभे राहिले. ते रुग्णालय वडाळ्याला त्यांच्या नावाने ओळखले जाते. वीरांच्या स्तुतीची गाणी जपणाऱ्या माणसाने, ज्यांच्याविषयी कुणीच चांगला शब्द बोलत नव्हते त्यांच्यासाठी छप्पर उभारले, हे आम्हांला विशेष वाटते. शब्दाची युलोगिया आणि दानाची युलोगिया इथे शेजारी उभ्या आहेत.

तत्त्वज्ञ काय म्हणतात?

जुन्या ग्रीसमध्ये अथेन्स शहरात युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी दरवर्षी सार्वजनिक भाषण होत असे. इ.स.पूर्व ४३१ च्या हिवाळ्यात पेरिक्लीसने केलेले भाषण जगप्रसिद्ध आहे. पण प्लेटोने आपल्या 'मेनेक्सेनस' या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडून अशा भाषणांची गंमत केली आहे. तो म्हणतो की ही भाषणे ऐकून मी स्वतःच इतका मोठा झाल्यासारखा वाटतो की तीन दिवस ती धुंदी उतरत नाही. स्तुती मेलेल्यांची, पण फुगतात मात्र ऐकणारे जिवंत. आपल्याकडच्या काही शोकसभांत असेच घडत नाही काय? वक्ता मृताविषयी दोन वाक्ये बोलतो आणि मग मृताचे आणि आपले संबंध किती जवळचे होते, हे दहा मिनिटे सांगतो.

ॲरिस्टॉटलने एक उपयोगी गोष्ट सांगितली: स्तुती आणि उपदेश यांचा साचा एकच आहे. एखाद्याची ज्या गुणासाठी आपण स्तुती करतो, तोच गुण ऐकणाऱ्याने घ्यावा असे आपण नकळत सुचवत असतो. म्हणून कोणाची स्तुती करतो याला महत्त्व आहे. ज्या घरात फक्त पैसा कमावणाऱ्या भावाचे कौतुक होते, त्या घरातील मुलांना पैसा हाच गुण आहे असा उपदेश मिळालेला असतो. ज्या गावात दमदाटी करणाऱ्याचे वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्या गावातील तरुणांना कोणती शिकवण मिळते, हे वेगळे सांगायला नको.

स्तुतीची भाषणे लिहिणारा एक संत

या विषयावर अनुभवाने बोलू शकेल असा संत म्हणजे संत ऑगस्टिन. इ.स. ३८४ मध्ये ते मिलान शहरात वक्तृत्वाचे प्राध्यापक झाले. तोवर त्यांचा बाप्तिस्मा झाला नव्हता. दरबारात सम्राटाच्या स्तुतीची भाषणे करणे हे त्यांच्या कामातच मोडत होते. आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या सहाव्या भागात त्यांनी एका दिवसाची हकीकत सांगितली आहे. सम्राटाच्या गौरवाचे भाषण तयार करण्यात ते गढले होते. भाषणात खोटे भरपूर होते आणि ते खोटे आहे हे ठाऊक असणारेच वाहवा करणार होते. काळजीने मन जळत असता रस्त्यात एक दारू प्यालेला गरीब भिकारी हसत-खिदळत असलेला त्यांना दिसला. त्यांनी बरोबरच्या मित्रांना म्हटले की आपण एवढी धडपड करून ज्या सुखामागे लागलो आहोत, ते या भिकाऱ्याने थोड्या नाण्यांत मिळवले. त्याचे सुख खरे नव्हते हे ते जाणून होते. पण आपली कीर्ती तरी कुठे खरी, हा प्रश्न त्यांना टोचला.

खुशामतीने तीन माणसांचे नुकसान होते. बोलणाऱ्याची जीभ खोट्याला सरावते. ज्याची खुशामत होते त्याला स्वतःचा दोष दिसेनासा होतो. आणि ऐकणाऱ्यांचा चांगल्या शब्दावरचा विश्वासच उडतो. एकाच तोंडातून आशीर्वाद आणि शाप दोन्ही निघू नयेत, असे संत याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बजावतो. जे तोंड सकाळी समोर गोड बोलते आणि संध्याकाळी पारावर बसून त्याच माणसाची निंदा करते, त्याच्याविषयीच तो बोलत आहे.

प्रभू येशूने स्तुती कशी केली?

प्रभूने माणसांची स्तुती मोजकीच केली, पण केली. संत लूकच्या सातव्या अध्यायातील प्रसंग आठवा. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. मनात शंका दाटली म्हणून तो आपले शिष्य येशूकडे पाठवतो. येशू त्यांना जे घडत आहे ते सांगून परत पाठवतो: आंधळे पाहतात, लंगडे चालतात, गरिबांना शुभवर्तमान मिळते. त्या निरोपात योहानाची स्तुती नाही. मात्र ते निरोपे निघून गेल्यावर येशू लोकांकडे वळतो आणि योहानाविषयी असे बोलतो की स्त्रीपासून जन्मलेल्यांत त्याच्याहून थोर कोणी नाही.

आपली रीत नेमकी उलटी आहे. तोंडावर गोडवे आणि पाठीमागे उणीदुणी. प्रभूने तोंडावर सत्य सांगितले आणि पाठीमागे गौरव केला. त्या गौरवाच्या बदल्यात योहानाकडून काहीच मिळण्यासारखे नव्हते. तो तर तुरुंगात होता. चांगल्या शब्दाची हीच कसोटी आहे: ज्याच्याकडून काही मिळणार नाही त्याच्याविषयी आपण काय बोलतो?

अंत्यविधी आणि प्रवचन

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये (क्रमांक ३८२) अंत्यविधीच्या मिस्सात छोटे प्रवचन असावे, पण ते मृताच्या गुणगौरवाचे भाषण असू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. हा नियम कोरडा वाटतो. पण त्यामागे दया आहे, हे समजून घेऊ या.

पहिले कारण असे की मृताला आपल्या स्तुतीची गरज नसून प्रार्थनेची गरज आहे. संत ऑगस्टिनची आई संत मोनिका ३८७ मध्ये ऑस्तिया येथे मरण पावली. शेवटच्या दिवसांत तिने मुलांना सांगितले की माझे शरीर कुठेही पुरा, त्याची चिंता करू नका. फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. एवढी पवित्र आई! तिच्यावर भाषण करायला ऑगस्टिनसारखा वक्ता मुलगा होता. पण त्याने काय केले? तिची सत्कृत्ये क्षणभर बाजूला ठेवून त्याने तिच्या पापांच्या क्षमेसाठी देवाकडे विनवणी केली. ज्याला आपण आधीच स्वर्गात बसवून टाकले, त्याच्यासाठी प्रार्थना कोण करणार? अतिस्तुतीने मृत माणूस एकटा पडतो.

दुसरे कारण सत्याचे. मदर तेरेसा ५ सप्टेंबर १९९७ रोजी मरण पावल्या. सारे जग त्यांची स्तुती करत होते. तरीही ख्रिस्तसभेने कागदपत्रे तपासली, साक्षी घेतल्या, त्यांच्यावर कडक टीका करणाऱ्या लेखकालाही बोलावून त्याचे म्हणणे ऐकून घेतले. त्यांना संत म्हणून घोषित केले ते ४ सप्टेंबर २०१६ रोजी. जी ख्रिस्तसभा मदर तेरेसांविषयी एवढी सावकाश बोलते, ती शवपेटीसमोर घाईघाईने कोणाचाही निवाडा करणार नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही.

तिसरे कारण गरिबांचे. भाषणे सुरू झाली की मोजमाप सुरू होते. मोठ्या घरच्या मयताला दहा वक्ते आणि भातलावणीला मजुरीवर जाणाऱ्या बाईच्या मयताला एकही नाही. वेदीसमोर मात्र दोघांची पेटी सारखीच, पवित्र पाणी तेच, प्रार्थना तीच, पास्काची मेणबत्ती तीच. चर्चमध्ये मेलेल्या माणसांत तरी लहान-मोठा भेद राहू नये.

बेनसिराच्या ग्रंथाचा चव्वेचाळिसावा अध्याय थोर पूर्वजांच्या स्तुतीचा आहे. पण त्या स्तुतीत थांबून तो ज्यांची कोणतीही आठवण उरली नाही अशा माणसांचाही उल्लेख करतो. आपल्या भागात हे आपण डोळ्यांनी पाहतो. भाटघरच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे, वरसगावच्या जलाशयाला बाजी पासलकरांचे. ही नावे योग्यच आहेत. पण त्या पाण्याखाली ज्यांची घरे, खाचरे आणि पूर्वजांच्या समाध्या गेल्या, त्यांची नावे कोणत्या फलकावर आहेत? ती देवाजवळ आहेत. आणि म्हणूनच प्रत्येक मिस्सात आपण ख्रिस्तात झोपी गेलेल्या सर्वांसाठी प्रार्थना करतो. नाव कुणी घेवो न घेवो, कोणीही वगळला जात नाही.

मग चांगले बोलायचेच नाही का?

असे मुळीच नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो नगरातील टबीथा मरण पावते. पेत्र आल्यावर विधवा त्याच्याभोवती रडत उभ्या राहतात. त्या भाषण करत नाहीत. टबीथाने जिवंतपणी शिवलेले अंगरखे आणि कपडे त्या त्याला दाखवतात. याहून चांगली श्रद्धांजली आम्हांला माहीत नाही. विशेषण एकही नाही. फक्त तिच्या हातचे टाके.

म्हणून आपल्या चर्चसाठी आम्ही असे सुचवतो. मिस्सातील प्रवचन देवाच्या वचनावर आणि ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर राहील. त्यात मृताच्या आयुष्याचा संदर्भ येईल, पण त्याचे गोडवे नसतील. कुटुंबाला मन मोकळे करायचे असेल त्यांनी रात्रीच्या घरच्या प्रार्थनेत किंवा दफनविधीनंतर जरूर बोलावे. थोडके बोलावे. पदे आणि मानपान मोजण्यापेक्षा त्या विधवांसारखे काही 'दाखवावे': आईने कोणाला शिदोरी दिली, वडिलांनी कोणाचे भांडण मिटवले, आजीने कोणाचे मूल सांभाळले. शेवट प्रार्थनेने करावा. हारांवर आणि फ्लेक्सवर होणारा खर्च मृताच्या नावाने एखाद्या गरजू मुलाच्या शिक्षणासाठी दिला, तर ती पौलाच्या अर्थाने खरी युलोगिया होईल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चांगल्या शब्दासाठी मरणाची वाट पाहू नये. आपल्याकडे पुरुषमंडळी बायकोच्या हातच्या भाकरीचे कौतुक तिच्या दहाव्यानंतर पाहुण्यांसमोर करतात. कमरेत वाकून भाताची रोपे लावणाऱ्या आईला मुलगा एक शब्द बोलत नाही आणि ती गेल्यावर मोठा फोटो लावतो. अंत्यविधीच्या वेळी भाषणासाठी आपण इतके तळमळतो, त्याचे एक कारण हेही असेल की जे बोलायचे होते ते वेळेवर बोललो नाही. कबरीपाशी राहून गेलेला शब्द आता प्रार्थना होऊनच पोहोचू शकतो. पण घरात जिवंत असलेल्या माणसापर्यंत तो आज रात्रीच पोहोचू शकतो.

गौरवाच्या भाषणासाठी ग्रीकांकडे आणखी एक नाव होते: 'पॅनेजिरिक'. मूळ शब्द 'पॅनेगिरिस', म्हणजे सगळ्या लोकांचा मेळा, आपल्या भाषेत जत्रा. जत्रेत होणारे भाषण ते पॅनेजिरिक. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात (१२:२२) स्वर्गीय यरुशलेमचे वर्णन करताना असंख्य देवदूतांच्या आनंदमेळ्यासाठी हाच शब्द आला आहे. आपली माणसे त्या जत्रेला पुढे गेली आहेत. तिथे आपल्याविषयी शेवटचा चांगला शब्द बोलणारा स्वतः प्रभू असेल. त्याचा शब्द खुशामतीचा नसेल, आणि तो परतही घेतला जाणार नाही.

या आठवड्यासाठी

१. घरातील ज्या व्यक्तीच्या कष्टांना आपण गृहीत धरतो, तिच्याशी एक खरा, नेमका, चांगला शब्द बोलू या.

२. ज्याची पाठीमागे निंदा केली असेल, त्याच्याविषयी पाठीमागेच एक चांगली गोष्ट सांगू या.

३. ज्याच्या कबरीवर कोणी येत नाही अशा एका कबरीवर मेणबत्ती लावून एक 'हे आमच्या स्वर्गीय बापा' म्हणू या.

प्रार्थना करू या: हे प्रभो, आमच्या जिभेवर खोटा गोडवा नको आणि कडू मौनही नको. जिवंतांना आशीर्वाद आणि मृतांना प्रार्थना देण्यास आम्हांला शिकव. तुझ्या वेदीपाशी आम्ही कोणालाही विसरू नये, अशी कृपा कर. आमेन.

— आपले धर्मगुरू